एका हाताची फुगडी

माझ्या आईचं ठरत आलेलं पहिलं लग्न एका बाईनं ऐन पंचमीच्या खेळात मोडलं. त्या बाईचं नाव जगदेवी. आमच्या घरात हे नाव घ्यायचं असलं की आई हातातलं काम खाली ठेवायची. मी हे नाव घेते तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. राग जगदेवीचा नाही, तिच्या सासरच्यांचा. ती सगळी माणसं आता मरून गेली आहेत, आणि मेलेल्या माणसांबद्दल वाईट बोलू नये असं मला पुष्कळांनी सांगून झालं आहे. मी बोलणार आहे.

जगदेवी मांजरसुंब्याची. लिंगायत वाण्याची लेक, घाटाच्या तोंडाशी वडिलांचं किराण्याचं दुकान. आम्हीही लिंगायतच, म्हणून सांगते, आमच्या धर्मात बाईच्या पाळीचा विटाळ नाहीच. जन्माचं सुतक नाही, मरणाचं नाही आणि पाळीचंही नाही. गळ्यातलं लिंग बाई त्या दिवसांतही हातावर घेऊन पूजते. जगदेवी शहाणी झाली तेव्हा तिच्या आईनं तिला चुलीपासून उठवलं नाही की दारात बसवलं नाही. पोरीचं पोट मात्र भयंकर दुखायचं. ओठ पांढरे पडायचे.

त्यावर तिच्या आईजवळ एकच औषध होतं. ती लुगड्याचा काचा मारायची, अंगणात उकिडवी बसायची आणि पोरीपुढे दोन्ही हात करायची. बसफुगडी. एकमेकींचे हात धरायचे, बसल्या बसल्या उड्या मारायच्या आणि उडी मारताना एकेक पाय पुढे फेकायचा. ज्यांनी खेळली आहे त्यांना ठाऊक आहे, मांड्या भरून येतात आणि कंबर सुटी होते. "पोट धरून पडलीस तर दिसभर पडून ऱ्हाशील, ऊठ," असं ती माउली म्हणायची. पहिल्या उड्यांना जगदेवीच्या डोळ्यांत पाणी यायचं, मग हळूहळू घाम फुटायचा आणि पोटातली गाठ सैल व्हायची. कधी आई तिला घेऊन कपिलधारेच्या धबधब्याची उतरण उतरायची आणि परत चढायची. त्या दिवसांत धारेखाली जाऊ नको, देवळात शिरू नको, असं तिला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

तिचं लग्न झालं तलवाड्याच्या सोमलिंगशी. तेही लिंगायत, तेही दुकानदार. सासरा वारला होता. घरात सासू उमाबाई, आणि उमाबाईच्या हाती घर, दुकान आणि मुलगाही. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीच्या आधीची ही गोष्ट. निजामाचा अंमल होता, पण घरातल्या बाईवर ना निजामाचा हुकूम चालायचा ना तहसीलदाराचा. तिथे उमाबाईचा चालायचा.

लग्नानंतर पहिल्यांदा जगदेवीची पाळी आली तेव्हा ती न्हाऊन, लिंगपूजा करून चुलीपाशी गेली. उमाबाईनं तिच्या हातातलं तवा-पीठ काढून घेतलं आणि तिला मागच्या गोठ्यात नेलं. म्हशीच्या दावणीपाशी एक जुनं पोतं अंथरलेलं होतं.

"चार दिस हितं बसायचं," उमाबाई म्हणाली.

"आत्याबाई, आपल्यात विटाळ न्हाई की. माजी आई तर पूजाबी करती."

"तुजी आई मांजरसुंब्यात. हे तलवाडा हाय. हितं आपलं दुकान हाय. उद्या गावातल्या बाया म्हनतील, वाण्याच्या घरच्या बाया बसतच न्हाईत, त्यांच्या हातचा गूळ कावून घ्यावा?"

म्हणजे बघा. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा रिवाज दुकानापायी उसना घेतलेला, आणि मूळ मालकापेक्षा जास्त कडक पाळलेला. गावातल्या शेतकऱ्यांच्या बायका निदान खुरपं घेऊन रानात जायच्या, मोकळ्या वाऱ्यात असायच्या. वाण्याची सून गोठ्यात. आणि शब्द काय, तर 'बसली'. सून बसली, वहिनी बसली. मला या शब्दाचा इतका राग आहे की सांगता सोय नाही. बसली कुठे? घरात शिवायचं नाही म्हणून शेण तिच्याच वाट्याला. दिवसभर शेण काढायचं, पाट्या भरून उकिरड्यावर न्यायच्या, वाकून वाकून गोवऱ्या थापायच्या. ह्या बसलेल्या बाईचा घाम कुणाला दिसायचा नाही, कारण शेणाला विटाळ लागत नाही.

पोटात कळ आली की जगदेवी आडोसा बघायची. समोर हात धरायला कुणी नव्हतं, म्हणून म्हशीचा खुंटा दोन्ही हातांनी धरून ती एकटीच बसफुगडी खेळायची. एक दिवस उमाबाईनं कुडाच्या फटीतून ते पाहिलं. पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, पिशवी सरकंल की. ह्या दिसांत उड्या मारल्यावर लेकरू कुटं टिकायचं?"

गोवऱ्या थापताना पिशवी सरकत नव्हती. शेणाची पाटी डोक्यावर घेताना सरकत नव्हती. ती सरकायची फक्त बाईनं स्वतःच्या जिवाला बरं वाटावं म्हणून काही केलं की. माझ्या डोक्यात हे बसतच नाही, आणि बसू नये अशी माझी इच्छा आहे.

वर्षं गेली, जगदेवीला मूल झालं नाही. उमाबाईजवळ कारण तयार होतं. दुकानात आलेल्या प्रत्येक बाईला गुळासोबत तेही मोजून मिळायचं: आमची सून बसायच्या दिवसांत नाचती. एकदा मठाचे स्वामी जेवायला आले. त्यांच्या पायांवर पाणी घालून झाल्यावर उमाबाईनं त्यांना विचारलं, मुलाला दुसरी करून दिली तर चालेल का. दाराआडून जगदेवी बोलली. पुरुषांत बोलायची तिची ती पहिलीच वेळ.

"स्वामी, आपल्या धर्मात ह्यो विटाळ हाय का, तेवढं सांगा."

स्वामींनी खाली मान घातली. मग म्हणाले, "धर्मात न्हाई, माय. पण गावात ऱ्हायचं म्हंजी गावाचंबी बघावं लागतं." एवढं बोलून ते पानावर बसले. त्यांना खरं माहीत होतं, आणि ते त्यांनी पुरणपोळीबरोबर गिळलं. दुसऱ्या लग्नाला अक्षता टाकायलाही तेच आले. अडाण्याचा मला राग येत नाही, येतो तो ह्यांचा.

दुसरी आली ती नीलावती, नीला. पोरसवदा, भित्री, मोठ्यानं खोकायलाही घाबरणारी. आता उमाबाईनं पक्का बंदोबस्त केला. नीला बसली की खरोखर बसायची. शेण नाही, पाटी नाही. भिंतीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन, पोत्यावर चार दिवस. उमाबाई मधूनमधून येऊन बघायची. नीलाचंही पोट दुखायचं. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती घुमायची.

जगदेवी हे बघत होती आणि गप्प होती. का गप्प होती, ते तिनंच पुढे आईला सांगितलं. "मला वाटलं, कोन जाणं, म्हातारीचंच खरं निगालं तर? पोरीचं लेकरू माज्यापायी जायाला नगं." इतकी वर्षं ऐकून ऐकून ते विष तिच्याही रक्तात थोडं गेलं होतं. सवतीला मूल व्हावं म्हणून ती बाई जीव मुठीत धरून वाट बघत होती. मी तिच्या जागी असते तर मला हे जमलं नसतं.

नीलालाही मूल झालं नाही.

मग एका उन्हाळ्यात दोघींची पाळी एकदम आली. नीला कळांनी इतकी हैराण झाली की तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. जगदेवीला राहवलं नाही. तिनं काचा मारला, नीलापुढे उकिडवी बसली आणि दोन्ही हात पुढे केले.

"ऊठ, धर."

"अक्का, पिशवी सरकंल."

 जगदेवी सावकाश म्हणाली, "नीले, तू तर कदी हाललीबी न्हाईस गं."

 एवढी साधी गोष्ट. एक हलली होती, एक बसली होती, आणि पाळणा दोघींचाही रिकामा. मग दोष उडीत कसा, आणि पिशवीत तरी कसा? तिसरं माणूस एकच उरत होतं, आणि ते पुढे दुकानात गादीवर बसून सुपारी कातरत होतं. नीलानं हात धरले. पहिल्यांदा तिचा तोल गेला, ती शेणात पडली आणि हसली. नीला हसते हे जगदेवीला तोवर माहीत नव्हतं. त्या दिवसापासून त्या बसल्या की खेळायच्या. नीलाला कधी नुसतं झोपावंसं वाटायचं, तेव्हा जगदेवी तिला झोपू द्यायची आणि स्वतः खुंटा धरून एकटीच खेळायची. जिला हलायचं तिनं हलावं, जिला पडायचं तिनं पडावं, एवढाच त्या बाईचा कायदा होता.

उमाबाईला मात्र आता तिसरी हवी होती. ही तिसरी म्हणजे माझी आई, गौरा. नुकतीच परकर सोडून लुगडं नेसायला लागलेली पोर, आणि सोमलिंगच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. माझ्या आज्याचं, महालिंगप्पाचं गाव तलवाड्याहून गाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पाहण्याचा कार्यक्रम केला तर गावात बोभाटा होईल म्हणून उमाबाईनं निरोप धाडला, पंचमीला पोरीला घेऊन या, चार बायांत खेळंल, आमी बघून घेऊ. आजा गेला. घर भरलेलं होतं, दुकान चालतं होतं, त्याला आणखी काय हवं होतं?

पंचमीच्या दिवशी तलवाड्याच्या बायका वारुळाला दूध-लाह्या वाहून लिंबाखाली जमल्या. झोके बांधले होते, फेर धरले होते. दुकानाचा ओटा तिथून हाकेच्या अंतरावर. ओट्यावर माझा आजा, सोमलिंग आणि गावातले दोघं-तिघं पान खात बसलेले. आईला उमाबाईनं हाताला धरून बायकांत नेलं. पोर कशी काटक आहे ते सगळ्यांना दिसावं म्हणून तिला फुगडी खेळायला पुढे केलं.

त्या दिवशी जगदेवी आणि नीला, दोघीही गोठ्यात बसलेल्या होत्या. कुडाआडून त्यांना सगळं ऐकू येत होतं. आई सांगायची, "दोन बाया हातात हात घालून मागच्या बाजूनं आल्या, आन् लोक असे फाकले की मला वाटलं साप निगाला." बायकांना ठाऊक होतं त्या बसल्यात ते. लुगडी आवरून सगळ्या मागे सरल्या. आई एकटीच मध्ये उभी राहिली.

उमाबाई पुढे धावली, पण शिवायचं नाही म्हणून हातभर अलीकडे थांबली. "तुमी बसल्याव ना गं? मग बसा की."

"बसतोच की, आत्याबाई," जगदेवी म्हणाली. ती तिथेच उकिडवी बसली. नीला तिच्यासमोर बसली. हात धरले आणि दोघींनी लिंबाखाली बसफुगडी सुरू केली.

फुगडीत म्हटलेल्या उखाण्याचा राग धरायचा नाही, हा बायकांचा जुना कायदा आहे. सासूला, नणंदेला, नवऱ्याला फुगडीत काहीही म्हणता येतं. लोक हसतात आणि विसरतात. जगदेवीनं तो कायदा वापरला. उडीउडीला एक शब्द टाकत, ओट्यावर ऐकू जाईल अशा खड्या आवाजात तिनं म्हटलं:

"पयली हालली, दुसरी बसली,
कूस दोगींची रितीच ऱ्हायली.
तिसरीसाटी गाडी जुपली,
खोट कुनात, कुनी न्हाई पुसली."

कुणी हसलं नाही. लिंबावरच्या झोक्यातली बाई पाय टेकवून थांबली. जगदेवीनं तेच पुन्हा म्हटलं, आणि या खेपेला नीलानंही तिच्याबरोबर म्हटलं. जी मोठ्यानं खोकत नव्हती तीही. मग दोघी उठल्या. जगदेवी धापा टाकत आईपाशी आली, पण तिला शिवली नाही. पोर नसत्या बोलण्यात सापडायला नको, एवढं भान तिला त्या वेळीही होतं. "बाळा, घरला जा," एवढंच म्हणाली.

आजा ओट्यावरून उठला आणि त्यानं गाडी जुंपली. त्याला मी मोठेपणा देणार नाही. लेकीच्या कळवळ्यानं तो उठला नाही. लोकांनी ऐकलं म्हणून उठला. तेच कुणी त्याच्या कानात सांगितलं असतं तर त्यानं खुशाल सुपारी फोडली असती, आणि हे त्यानं स्वतःच आईला एकदा हसत हसत सांगितलं होतं. आई त्यानंतर त्याच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही.

आता सोमलिंगचं ऐका. ओट्यावर बसून त्यानं ब्र काढला नाही. गोठ्यात गेला नाही, हात उगारला नाही. गावाला वाटलं, बिचारा शांत माणूस. शांत कसला? जगदेवी बसलेली होती. तिला शिवला असता तर त्याला विटाळ झाला असता. म्हणून तो थांबला. जो विटाळ त्याच्या धर्मात नाही, तो फिटायची त्यानं वाट बघितली. जगदेवी न्हाली, केस पिळले, गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं आणि पूजेला बसली. तेव्हा त्यानं दाराचा अडसर हातात घेतला. नीला मध्ये पडली तिला ढकलून दिलं. जगदेवीनं तळहातावरचं लिंग उजव्या हातानं छातीशी धरलं आणि मार डाव्या हातावर घेतला. कोपराखालचं हाड मोडलं. हाडवैद्याला चार दिवस बोलावलंच नाही. तो हात जन्मभर वाकडा राहिला.

मला कुणीतरी सांगावं की इथे मी शांतपणे कसं लिहायचं. बाईला पाळीत उडी मारायला बंदी, कारण तिला इजा होईल. आणि पाळी संपली की तिचं हाड मोडायला मोकळीक, कारण आता ती शुद्ध आहे.

आणि एवढं होऊन तिसरी आलीच. तलवाड्याची हकिकत जिथे पोचली नव्हती अशा लांबच्या गावाहून, उदगीरकडून त्यांनी एक मुलगी आणली. तिचं नाव रतनबाई. आईनं ते नाव शोधून काढलं होतं आणि ते आम्हाला पाठ होतं. पंचमीच्या दिवशी आई पुरणाचा पहिला घास घ्यायच्या आधी थांबायची आणि म्हणायची, "माज्या जागी ती गेली." तिला कुणी समजावू शकत नव्हतं. मी पण प्रयत्न केला नाही, कारण ते खरं होतं.

रतनबाईलाही मूल झालं नाही, हे वेगळं सांगायला नको. मानमोडीच्या साथीत आधी उमाबाई गेली, मग सोमलिंग गेला. तिघी बायका त्या घरात राहिल्या आणि दुकान त्यांनीच चालवलं. माझ्या आईचं लग्न तोवर माझ्या वडिलांशी झालेलं होतं. ती मला कडेवर घेऊन तलवाड्याला जगदेवीला भेटायला गेली. दुकानात जगदेवी तराजू धरून उभी होती. आईनं ओट्याखालूनच तिला नमस्कार केला आणि बाहेरच बसली. जगदेवीनं विचारलं, "आत कावून येत न्हाईस?" आई लाजून म्हणाली, "मी बसलेय, अक्का." जगदेवी गुळाचा खडा घेऊन बाहेर आली, तो तिच्या हातात दिला आणि त्याच हाताला धरून तिला आत, थेट चुलीपाशी घेऊन गेली.

मी शहाणी झाले त्या दिवशी पोटावर हात दाबून कोपऱ्यात पडले होते. आईनं लुगड्याचा काचा मारला, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि उजवा हात पुढे केला. डावा हात तिनं पाठीशी धरला होता. मी विचारलं, "एकाच हातानं कावून?"

"मला जगदेवीअक्कानं अशीच शिकवलीय," आई म्हणाली. "तिचा दुसरा हात माज्यापायी मोडलाय. धर."